मुलांमधील ओसीडीवरील उपचार : घरच्यांनी दिलासा देणे कसे थांबवावे?

पाऊलवाट

आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला ओसीडी, म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येण्याचा आणि ते शमवण्यासाठी तेच ते करत राहण्याचा मानसिक आजार, असल्याचे निदान बालमानसोपचारतज्ज्ञांनी नुकतेच केले असून त्याच्यासाठी सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, सुरू करण्याचे ठरले आहे. सतत हात धुणे, कडी पुन्हापुन्हा तपासणे असे ज्याला लोक सहज मंत्रचळ म्हणतात, तसे त्याच्यात फारसे काही दिसत नाही. त्याचा त्रास प्रश्नांचा आहे. 'माझ्या हातून कोणाला लागले नाही ना?', 'मी मनात वाईट बोललो, त्यामुळे बाबांना काही होणार नाही ना?', 'तू नक्की सांगतेस ना?' अशी विचारणा सकाळपासून झोपेपर्यंत चालू असते आणि झोपताना मी ठरावीक शब्दांत, ठरावीक स्वरात उत्तर दिले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले की आमची उत्तरे हाही आता आजाराचाच भाग झाला आहे आणि ती हळूहळू कमी करत न्यावी लागतील. तत्त्व म्हणून मला हे पटते. परंतु घाबरलेले मूल समोर उभे असताना उत्तर द्यायचे नाही म्हणजे नेमके काय करायचे, तोंडाने काय बोलायचे आणि सुरुवात कुठून करायची, हे कळत नाही. दुसरा प्रश्न औषधांचा आहे : ती लगेच सुरू करावीत की थेरपीचा परिणाम पाहून? आणि तिसरा म्हणजे सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला यातले किती सांगावे? ज्यांच्या घरात हे घडले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केवडा

आमच्या मुलीच्या बाबतीत प्रश्नांऐवजी खोडरबर आहे. अक्षर 'बरोबर वाटेपर्यंत' ती लिहिते, खोडते आणि पुन्हा लिहिते, कागद फाटला तरी थांबत नाही. काही वाईट घडेल अशी भीती तिला वाटत नाही, फक्त अपुरेपणाची एक विचित्र जाणीव होते असे ती सांगते. हाही त्याच आजाराचा प्रकार आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

समंजस

मी मुलांसोबत काम करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. येथे लिहिलेले कोणत्याही एका मुलावरील उपचाराची जागा घेऊ शकत नाही, एवढे गृहीत धरून लिहिते.

पहिली गोष्ट अशी की तुमच्या मुलाच्या मनात येणारे विचार स्वतःहून आजार नाहीत. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवून दिले की कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही कोणाला इजा करण्याचे, अमंगळ किंवा विचित्र असे अनाहूत विचार येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांशी बराच मिळताजुळता असतो. इतरांच्या मनातून तो विचार निघून जातो. ओसीडी असलेल्या मुलाला मात्र तो विचार आला याचाच अर्थ काहीतरी भयंकर घडणार किंवा आपण वाईट आहोत असा वाटतो, त्यातून असह्य अस्वस्थता येते, ती शमवण्यासाठी ते एखादी कृती करते आणि क्षणभर सुटका होते. त्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि कृतीमुळे टळला. पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो. केवडा, तुमच्या मुलीची 'बरोबर न वाटण्याची' जाणीव हेही याच चक्राचे एक रूप असू शकते. तिथे सुरुवात भीतीपासून होत नाही, अपुरेपणाच्या बोचणीपासून होते, आणि टिक्स, म्हणजे अचानक होणाऱ्या अनैच्छिक हालचाली, असलेल्या मुलांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. तपासणीच्या वेळी मान, डोळे किंवा खांद्यांच्या अनैच्छिक हालचाली होतात का, हे अवश्य सांगा.

हे चक्र तोडण्याच्या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजेच ईआरपी, म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जायचे आणि सुटकेची कृती करायची नाही, हा तिचा गाभा आहे. 1966 मध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन प्रौढ रुग्णांवर रुग्णालयात हा प्रयोग केला, तेव्हा परिचारिका रुग्णांना त्यांच्या सक्तीच्या कृतींपासून रोखत असत. मुलांच्या बाबतीत असे सक्तीने रोखणे आपण मुळीच करत नाही. मूल स्वतः भीतीची उतरंड तयार करते, प्रत्येक प्रसंगाला शून्य ते दहा असे गुण देते आणि आपण सोप्यापासून सुरुवात करतो. तुमच्या मुलाच्या उतरंडीत तळाला 'आईने रात्री वेगळ्या शब्दांत शुभरात्री म्हटले' असे काही असेल आणि वरच्या बाजूला 'बाबांना काही होऊ शकते हे वाक्य कागदावर लिहून ते उशाशी ठेवून झोपणे' असे काही असेल. बाहेरून पाहणाऱ्याला हे क्रूर वाटते याची मला कल्पना आहे. विचार म्हणजे घटना नव्हे हे समजावून सांगून पटत नाही, अनुभवूनच पटते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मुलाच्या सक्तीच्या कृतींमध्ये घरच्यांनी सामील होणे, त्यासाठी वस्तू पुरवणे, वेळापत्रक बदलणे आणि पुन्हापुन्हा खात्री देणे, या सगळ्याला संशोधक 'फॅमिली अकॉमोडेशन' म्हणतात. मुलांच्या ओसीडीत हे जवळजवळ प्रत्येक घरात कमीअधिक प्रमाणात आढळते, तेव्हा त्याचा दोष मनाला लावून घेऊ नका. तुम्ही उत्तरे दिलीत कारण कोणतीही आई तेच करील. ती थांबवताना मी घरच्यांना पुढील गोष्टी सांभाळायला सांगते.

अचानक आणि मुलाला न सांगता काहीही बंद करू नका. शांत वेळी, मूल त्रासात नसताना, त्याच्याशी बोला की आपण दोघे मिळून या ओसीडीला कमी भाव देणार आहोत, आणि त्याला हवे असल्यास त्याने त्या आजाराला एखादे नाव द्यावे. नंतर एकच प्रसंग निवडा. सगळे प्रश्न एकदम थांबवण्याऐवजी, उदाहरणार्थ, केवळ शाळेतून आल्यानंतरचे 'कोणाला लागले नाही ना' एवढेच घ्या. बाकीच्या वेळी तुम्ही सध्या उत्तर देत राहिलात तरी चालेल आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

उत्तराच्या जागी बोलायचे वाक्य आधीच ठरवा, तेही मुलाच्या संमतीने. 'हा प्रश्न ओसीडीचा वाटतो आणि आपण त्याचे उत्तर द्यायचे नाही असे ठरवले आहे. तुला अवघड जाते आहे हे मला दिसते आहे आणि तू हे निभावशील.' एवढे पुरते. या वाक्यात दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : त्रास खरा आहे ही कबुली आणि तो पेलता येईल हा विश्वास. पहिली नसेल तर वाक्य कोरडे होते, दुसरा नसेल तर दयेसारखे वाटते. पण हेच वाक्य रोज त्याच स्वरात म्हटले गेले तर तेसुद्धा नवा दिलासा बनते, म्हणून थोड्या दिवसांनी शब्द बदला, कधी नुसते हसून मान हलवा, कधी 'कोणास ठाऊक, असेलही' असे म्हणा. हे शेवटचे उत्तर उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवावे, पहिल्याच आठवड्यात नव्हे.

शंकासुर

समंजस यांच्या अभ्यासाविषयी पूर्ण आदर राखून विचारतो. नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या भीतीसोबत एकटे सोडण्यापेक्षा दीर्घ श्वसन, शिथिलीकरण, मन दुसरीकडे वळवणे हे अधिक सौम्य उपाय नाहीत का? शिवाय लहान मुलांना नियमांचे आणि ठरावीक क्रमाचे वेड असतेच, ते वयानुसार आपोआप जाते असे मी पाहिले आहे. प्रत्येक सवयीला आजाराचे नाव देण्याची घाई होत नाही ना?

समंजस

तुमच्या दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात झोपण्यापूर्वीचा ठरावीक क्रम, खेळणी एका रांगेतच लावणे असे विधी सर्रास दिसतात. त्यातून मुलाला आनंद किंवा स्थैर्य मिळते आणि क्रम मोडला तर ते चिडते, पण लवकर सावरते. ओसीडीतील कृती मुलाला स्वतःलाच नकोशा असतात, किंवा निदान थकवणाऱ्या असतात, आणि त्या शाळा, झोप, खेळ यांच्या आड येतात. निदानाच्या निकषांत दिवसाला एक तासाहून अधिक वेळ जाणे किंवा दैनंदिन जीवनात ठळक अडथळा येणे हे याचसाठी आहे. तीव्रता मोजण्यासाठी मुलांची येल-ब्राऊन मापनश्रेणी वापरतात. तिच्यात दहा बाबी असून गुण शून्य ते चाळीस या मर्यादेत असतात, आणि उपचार चालू असताना ती पुन्हापुन्हा भरून घेतली की प्रगती अंदाजावर सोडावी लागत नाही.

शिथिलीकरणाविषयी बोलायचे तर नेमकी हीच तुलना पाच ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये झाली आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 127 मुलांपैकी काहींना कुटुंबाधारित सीबीटी देण्यात आली आणि काहींना कुटुंबाधारित शिथिलीकरण. सीबीटीच्या गटातील 72 टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा झाली, शिथिलीकरणाच्या गटात 41 टक्के मुलांमध्ये. हे 41 टक्के काही शून्य नव्हेत, आणि आईवडिलांनी दररोज थोडा वेळ मुलाजवळ शांतपणे बसण्याचाही उपयोग होतो असे मी त्यावरून मानते. पण ओसीडीच्या ऐन भरात घेतलेला दीर्घ श्वास पुष्कळदा स्वतःच एक नवी सक्तीची कृती बनतो, हे मी अनेक मुलांमध्ये पाहिले आहे.

आणि मुलाला एकटे सोडायचे नाही. उत्तर द्यायचे नाही, पण जवळ बसायचे, हा फरक फार महत्त्वाचा आहे.

रातराणी

मला लहानपणी ओसीडी होता आणि निदान मात्र पुष्कळ उशिरा झाले. आता मी प्रौढ आहे आणि बऱ्यापैकी सावरले आहे, म्हणून आतल्या बाजूने काही लिहिते, कारण मोठ्यांच्या चर्चेत ती बाजू बहुधा राहून जाते.

प्रश्न विचारणे हे दिलासा मिळवण्याचे सर्वांत ढोबळ रूप आहे. ते बंद झाले की मूल इतर वाटा शोधते, आणि ते हे लबाडीने करत नाही. मी प्रश्न विचारणे थांबवले तेव्हा कबुलीजबाब देऊ लागले : 'आई, आज माझ्या मनात अमुक आले.' आई नुसती 'बरं' म्हणाली तरी तिच्या स्वरावरून मी ठरवत असे की सगळे ठीक आहे. त्यानंतर मी तिचा चेहरा वाचायला शिकले. नंतर एक विधान करायचे आणि कोणी ते खोडून काढत नाही ना ते पाहायचे, हा मार्ग सापडला. घरच्यांना हे प्रकार ठाऊक नसतील तर त्यांना वाटते की मुलात सुधारणा झाली आहे.

मनातल्या मनात होणाऱ्या कृतींविषयीही लिहायला हवे. वाईट विचार आला की त्याच्यावर उतारा म्हणून एखादा चांगला विचार ठरावीक वेळा करणे, घडलेला प्रसंग पहिल्यापासून आठवून तपासणे, आकडे मोजणे, हे बाहेरून अजिबात दिसत नाही. मूल शून्यात नजर लावून बसले आहे किंवा आळशीपणा करत आहे असेच सर्वांना वाटते. पाऊलवाट, तुमचा मुलगा प्रश्न विचारायचा थांबल्यावर गप्प बसून राहू लागला, तर तो आत काय करतो आहे हे त्याच्या मानसशास्त्रज्ञांना विचारायला सांगा.

दिलासा हा सावकारी कर्जासारखा असतो : हातात पडतो तेव्हा बरे वाटते आणि व्याज पुढच्या तासापासून चढू लागते. मला हे कोणी नऊ वर्षांची असताना सांगितले असते तर कळले असते असे मला वाटते, कारण व्याज चढते आहे हे मला तेव्हाही कळत होते, फक्त त्यासाठी शब्द नव्हते.

शेवटची गोष्ट लाजेची. ज्या विचारांची सर्वाधिक लाज वाटते, म्हणजे लैंगिक स्वरूपाचे, देवाविषयीचे, लहान भावंडाला इजा करण्याचे, ते मुले शेवटपर्यंत लपवतात. उपचार करणाऱ्यांनी 'असे विचारही काही मुलांच्या मनात येतात' असे आपणहून, सहज स्वरात म्हटले की मुलाचे काम अर्धे हलके होते.

मनोवैद्य

औषधांच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी मानसोपचारतज्ज्ञ असून माझ्याकडे मुलेही येतात.

या विषयावर सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास 2004 मधील असून तो पॉट्स या नावाने ओळखला जातो. त्यात 7 ते 17 वर्षांच्या 112 मुलांची बारा आठवड्यांसाठी चार गटांत विभागणी करण्यात आली. आजाराची लक्षणे जवळपास नाहीशी होण्याचे प्रमाण सीबीटी आणि सर्ट्रालिन हे औषध एकत्र दिलेल्या गटात 53.6 टक्के, केवळ सीबीटीच्या गटात 39.3 टक्के, केवळ सर्ट्रालिनच्या गटात 21.4 टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात 3.6 टक्के होते. पहिल्या दोन गटांतील हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता. शिवाय केवळ सीबीटीचा परिणाम वेगवेगळ्या केंद्रांमध्ये बराच वेगळा आला, म्हणजे थेरपी कोण आणि किती चोखपणे देते यावर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे आजार सौम्य ते मध्यम असेल आणि ईआरपी नीट जाणणारी व्यक्ती उपलब्ध असेल, तर आधी थेरपी सुरू करण्याकडे माझा कल असतो. आजार तीव्र असेल, मूल इतके ग्रासलेले असेल की एक्स्पोजरची पहिली पायरीही चढू शकत नाही, किंवा सोबत खोल नैराश्य असेल, तर औषध सुरुवातीपासून द्यावे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांच्या ओसीडीसाठी सर्ट्रालिन सहा वर्षांपासून, फ्लुओक्सेटिन सात वर्षांपासून, फ्लुवोक्सामिन आठ वर्षांपासून आणि क्लोमिप्रामिन दहा वर्षांपासून मान्य केले आहे. क्लोमिप्रामिन जुने व परिणामकारक आहे, परंतु त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढावा लागतो आणि ते सहसा पहिल्या पसंतीचे नसते. एसएसआरआय गटातील, म्हणजे वरील पहिल्या तीन, औषधांचा डोस अगदी कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. तीन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून औषध बदलून घेणारे पालक मला नेहमी भेटतात, आणि त्यात मुलाचाच वेळ वाया जातो.

दुष्परिणामांविषयी स्पष्ट बोलायला हवे. पहिल्या काही आठवड्यांत पोटदुखी, झोपेतील बदल, आणि काही मुलांमध्ये अस्वस्थ चुळबुळ किंवा चिडचिड वाढणे हे दिसते. 2004 मध्ये अमेरिकेत या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले, कारण मुलांवरील 24 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांमध्ये सुमारे 4 टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये 2 टक्के आढळले. त्या चाचण्यांमध्ये एकही आत्महत्या झाली नव्हती. याचा व्यवहारातील अर्थ असा की सुरुवातीच्या आठवड्यांत आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि वागण्यात अचानक बदल दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. बरे वाटल्यावरही औषध साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष चालू ठेवून मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

पॉट्सच्या पुढच्या टप्प्याचा निष्कर्ष या धाग्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधाने अंशतःच बरे वाटलेली 124 मुले होती. केवळ औषध चालू ठेवलेल्यांपैकी 30 टक्के, डॉक्टरांनी औषधाच्या भेटीतच सीबीटीच्या सूचना दिलेल्यांपैकी 34 टक्के, आणि पूर्ण सीबीटी मिळालेल्यांपैकी 68.6 टक्के मुलांनी प्रतिसाद दिला. तोंडी सूचना आणि नुसते औषध यांत जवळजवळ फरकच पडला नाही. माझ्यासारख्यांनी पाच मिनिटांत दिलेला 'त्याला उत्तर देऊ नका' हा सल्ला का अपुरा पडतो, ते यावरून कळावे.

केवडा

मनोवैद्य, समंजस, दोघांचेही आभार. मुलीच्या डोळ्यांच्या उघडझापीचा विषय डॉक्टरांपुढे मांडते. एक शंका : घशाच्या संसर्गानंतर मुलांना ओसीडी होतो असे वाचनात येते. प्रत्येक मुलाच्या बाबतीत ती तपासणी करून घ्यावी का?

मनोवैद्य

प्रत्येकाच्या बाबतीत नाही. 1998 मध्ये सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकोकस या घशाचा संसर्ग करणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाशी जोडलेल्या पन्नास मुलांचे वर्णन केले आणि त्याला पांडास हे नाव मिळाले. त्यातील मुख्य खूण म्हणजे लक्षणांची अगदी अचानक, एकदोन दिवसांत उसळलेली सुरुवात, आणि अनेकदा सोबत टिक्स, विलग होण्याची भीती, अक्षर बिघडणे, वारंवार लघवीला जाणे. हळूहळू वाढत गेलेल्या ओसीडीत यामागे धावू नये. अचानक सुरुवात झाली असेल, विशेषतः मुलाने खाणेपिणे टाकले असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना तातडीने दाखवावे. संसर्ग सिद्ध झाला तर त्यावर प्रतिजैविक द्यावे, आणि ओसीडीवर तेव्हाही ईआरपी व गरजेनुसार औषध हेच उपचार लागू पडतात.

खडूफळा

मी प्राथमिक वर्गांना शिकवतो. वर्गात हा आजार हळू लिहिणे, सारखे स्वच्छतागृहात जाणे, उत्तरपत्रिका हातातून न सोडणे आणि 'सर, हे बरोबर आहे ना?' हे पुन्हापुन्हा विचारणे अशा रूपांत दिसतो. आम्ही त्याला बेफिकिरी किंवा अतिकाळजी यांपैकी काहीतरी एक समजतो. पालकांनी विश्वासात घेऊन सांगितले तर शिक्षकही ठरलेल्या वाक्यात सहभागी होऊ शकतात, कारण घरी उत्तर मिळेनासे झाले की मूल ते शाळेत मिळवते. माझी अडचण वेगळी आहे. परीक्षेत जादा वेळ द्यावा अशी विनंती येते तेव्हा ती मान्य करावी का? तो वेळही खोडण्यात आणि तपासण्यातच जातो.

समंजस

खडूफळा, तुमचे निरीक्षण अचूक आहे. जादा वेळ ही सवलत उपचाराच्या सुरुवातीला, मूल नापास होऊन आणखी खचू नये यासाठी द्यावी, मात्र ती योजनेला जोडलेली असावी : आज इतकी मिनिटे, पुढच्या चाचणीत त्याहून थोडी कमी. जोडीला एक्स्पोजर म्हणून मुलाने एक ओळ मुद्दाम वेडीवाकडी लिहून ती न खोडता तुमच्याकडे द्यावी, असे तुम्ही वर्गात, इतर मुलांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने करू शकता. केवडा यांच्या मुलीसाठी ही बहुधा पहिल्या काही पायऱ्यांपैकी एक असेल.

शंकासुर

माझ्या शंकांचे बऱ्याच अंशी समाधान झाले. आता एक व्यावहारिक प्रश्न. हे सगळे मूल तयार असेल तर ठीक. माझ्या नात्यातील एक मुलगा थेरपिस्टकडे यायलाच तयार नाही, दार बंद करून बसतो. तेव्हा काय करावे?

समंजस

तेव्हा आईवडिलांसोबत काम करता येते. अमेरिकेतील येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी स्पेस नावाची पद्धत विकसित केली आहे. तिच्यात उपचारक मुलाला भेटतही नाहीत. पालक आपले स्वतःचे वागणे बदलतात, म्हणजे सामील होणे टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि मुलाला पाठबळ देणारी वाक्ये वाढवतात. चिंतेच्या विकारांतील 124 मुलांवरील अभ्यासात, जो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, या पद्धतीचा परिणाम मुलाला थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरला नाही. तो अभ्यास चिंताविकारांचा होता हे लक्षात ठेवावे, परंतु तत्त्व ओसीडीतही वापरले जाते आणि दार बंद करून बसलेल्या मुलासाठी मी तेच सुचवीन. पालकांनी मुलाला एक छोटे पत्र लिहून सांगावे की अमुक तारखेपासून आम्ही अमुक एक गोष्ट करणार नाही आणि का करणार नाही. त्याच्याकडून काही बदलण्याची मागणी त्या पत्रात नसावी.

जवळपास ईआरपी जाणणारे कोणी नसेल, तर इंटरनेटद्वारे दिल्या जाणाऱ्या सीबीटीचाही विचार करावा. स्वीडनमधील 152 मुलांवरील, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी इंटरनेटद्वारे आणि गरज उरली तरच समोरासमोर, असा क्रम थेट समोरासमोरच्या उपचाराहून कमी ठरला नाही. प्रत्यक्ष भेटीसाठी कोणाची निवड करताना एकच प्रश्न विचारा : 'तुम्ही सत्रामध्ये मुलासोबत एक्स्पोजर करता का, की त्याविषयी बोलता?' नुसते बोलत असतील तर दुसरीकडे जा.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. रातराणी, तुमचा प्रतिसाद मी आणि माझ्या नवऱ्याने एकत्र वाचला. चेहरा वाचण्याविषयी तुम्ही लिहिले ते आमच्याकडे अगदी तसेच घडते. 'बाबांना काही होणार नाही ना' हा प्रश्न विचारताना तो माझ्याकडे टक लावून पाहत असतो.

शाळेतून आल्यानंतरचा प्रश्न आम्ही पहिला निवडतो आहोत आणि मुलानेही त्याला होकार दिला आहे. पण मला भीती त्या पुढच्या अर्ध्या तासाची वाटते. उत्तर मिळाले नाही की तो आधी रडतो, मग ओरडतो, कधी हात उगारतो. त्या वेळी माझा निश्चय टिकला नाही तर? आणि धाकटीविषयीचा प्रश्न वर राहून गेला आहे.

समंजस

सुरुवातीला त्रास वाढतो, हे आधीच धरून चला. आजवर जे मिळत होते ते मिळेनासे झाले की मूल ते जोर लावून मागते. याच क्षणी, खूप आरडाओरडा झाल्यावर उत्तर दिले, तर इतका आरडाओरडा केला की उत्तर मिळते असे शिकवले जाते आणि पुढच्या वेळी तेवढ्याने भागत नाही. म्हणूनच पहिला प्रसंग असा निवडायचा की तो तुम्हाला निभावता येईल. शाळेतून आल्यानंतर तुम्ही दमलेल्या असाल आणि घरात एकट्या असाल, तर तो प्रसंग बदला आणि नवरा घरी असतानाचा निवडा. निश्चय टिकला नाहीच, तर त्या दिवशी लवकर, शांतपणे उत्तर द्या, संघर्षाच्या शिखरावर देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी प्रसंग आणखी लहान करा. हात उगारला तर दिलाशाचा विषय बाजूला ठेवून मारण्याविषयीचा घरातला नेहमीचा नियम लागू करा. तो आजारी आहे म्हणून नियम सैल करू नका आणि तो आजारी आहे म्हणून शिक्षा वाढवूही नका. शांत झाल्यावर किती वेळ त्याने प्रश्न पुढे ढकलला, त्याचे नाव घेऊन कौतुक करा. पाच मिनिटेसुद्धा पुष्कळ आहेत.

धाकटीला सहा वर्षांच्या मुलीला कळेल इतकेच सांगावे : दादाच्या मनात एक काळजी सारखी येते, ती त्याला तेच तेच विचारायला लावते, तो ती घालवायला शिकतो आहे, आणि त्याला उत्तर देणे हे तुझे काम नाही. हे शेवटचे वाक्य तिला स्पष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण तुमचे उत्तर थांबले की तो तिच्याकडे वळेल आणि ती प्रेमापोटी 'नाही दादा, काही होणार नाही' असे म्हणत राहील. त्याने विचारले तर 'आईला सांग' एवढेच म्हणायचे, हे तिच्याशी आणि त्याच्याशी दोघांशी एकत्र बसून ठरवा. तिच्याशी खेळण्यासाठी दिवसातला थोडा वेळ असा राखून ठेवा की त्या वेळेत ओसीडीचा विषय निघणारच नाही. आठवडाभर करून पाहा आणि काय घडले ते पुढच्या सत्राला जाण्यापूर्वी कागदावर लिहून न्या. तिथे उतरंडीची दुसरी पायरी त्या नोंदींवरूनच ठरेल.